भाडेकरू, कॅमेरे आणि ऑफिसचा लॅपटॉप एकाच वाय-फायवर नकोत: ओपीएनसेन्सने घरचे नेटवर्क विभागण्याची रीत

इंदूरच्या रामबागेत, लोकमान्यनगरात किंवा सुदामानगरात ज्या घरी दोन-तीन पिढ्या एकत्र राहतात, तेथे इंटरनेटचे कनेक्शन एकच असते, पण त्यावर चालणाऱ्या यंत्रांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नसतो. आजोबांच्या खोलीतला स्मार्ट टीव्ही, सुपर कॉरिडॉरवरच्या कंपनीने सूनबाईंना दिलेला लॅपटॉप, फाटकावरचा कॅमेरा व त्याचे चित्रीकरण साठवणारा डीव्हीआर, आणि वरच्या मजल्यावर भाड्याने राहून भंवरकुआंच्या क्लासला जाणाऱ्या मुलांचे फोन हे सगळे फायबरवाल्याने भिंतीवर बसवून दिलेल्या एकाच डब्यावर असतात, आणि यांपैकी कोणतेही यंत्र दुसऱ्या कोणत्याही यंत्राशी थेट बोलू शकते. २०१६ साली ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने कारखान्यातून आलेला पासवर्ड कोणी बदललाच नव्हता असे कॅमेरे, डीव्हीआर आणि राउटर लाखोंनी ताब्यात घेतले आणि त्यांच्या जोरावर ऑक्टोबरात डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगणाऱ्या सेवेच्या) कंपनीवर हल्ला करून अमेरिकेतील अनेक मोठी संकेतस्थळे काही तास बंद पाडली. त्या कॅमेऱ्यांच्या मालकांना बहुधा त्याचा पत्ताही लागला नसेल.

घरच्या नेटवर्कच्या सुरक्षिततेसाठी करण्याजोग्या गोष्टी पुष्कळ आहेत. परंतु त्यांपैकी दोनच खऱ्या अर्थाने फळ देतात, असे माझे मत आहे. एक म्हणजे यंत्रांची आपसांत विभागणी, आणि दुसरी म्हणजे इंटरनेटच्या दाराशी बसलेल्या सॉफ्टवेअरचे नियमित अद्ययावतीकरण. म्हणून या लेखात विभागणीला सर्वांत जास्त जागा दिली आहे आणि बाकीचे हात लावून पुढे जायचे आहे.

कोणते सॉफ्टवेअर, आणि का

दाराशी बसवायचे सॉफ्टवेअर म्हणून येथे ओपीएनसेन्स घेतले आहे. हे फ्रीबीएसडी या संगणक-प्रणालीवर उभारलेले मुक्तस्रोत (मूळ कोड सर्वांना खुला असलेले) फायरवॉल, म्हणजे नेटवर्कच्या दारातून कोणती वाहतूक जाऊ द्यायची हे ठरवणारे सॉफ्टवेअर आहे. २००४ साली ‘मोनोवॉल’ या फायरवॉल-प्रकल्पातून पीएफसेन्स हे दुसरे फायरवॉल निघाले, आणि जानेवारी २०१५ मध्ये डेसिसो या डच कंपनीच्या पुढाकाराने पीएफसेन्समधून ओपीएनसेन्स वेगळे झाले. पुढच्याच महिन्यात मोनोवॉल बंद करताना त्याच्या मूळ कर्त्याने आपल्या वापरकर्त्यांना ओपीएनसेन्सकडे वळण्यास सुचवले. दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत मोठी आवृत्ती येते, मधल्या काळात लहान दुरुस्त्या येत राहतात, आणि हे वेळापत्रक गेली अनेक वर्षे पाळले गेले आहे. घरासाठी निवड करताना वैशिष्ट्यांच्या लांबलचक यादीपेक्षा मी या वेळापत्रकाला जास्त किंमत देतो, कारण फायबरवाल्याच्या डब्यात शेवटची सुरक्षा-दुरुस्ती केव्हा आली हे शोधू गेल्यास सहसा हाती काहीच लागत नाही.

वाय-फायचे काम मात्र ओपीएनसेन्सकडे देऊ नये, कारण फ्रीबीएसडीचा वाय-फाय आधार अजून तोकडा आहे. त्यासाठी वेगळा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे केबलला जोडून वाय-फाय पुरवणारा डबा, घ्यावा आणि शक्य असल्यास त्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे २००४ पासून चालत आलेले, लिनक्सवर आधारित मुक्तस्रोत सॉफ्टवेअर घालावे. ज्यांना एकच यंत्र परवडते किंवा हवे आहे, त्यांनी चांगल्या राउटरवर केवळ ओपनडब्ल्यूआरटी घालून सर्व काम भागवले तरी चालते. विभागणीचे तत्त्व तेच राहते, फक्त मेनू बदलतात.

मुक्तस्रोत म्हणजे आपोआप सुरक्षित, असा समज करून घेऊ नये. मार्च २०२४ मध्ये ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या मुक्तस्रोत साधनात कोणी तरी हेतुपुरस्सर घातलेली चोरवाट उघडकीस आली, ती अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन होण्यास अर्धा सेकंद जास्त का लागतो याचा छडा लावावासा वाटला म्हणून. मूळ कोड समोर होता म्हणून तो छडा लागला, हे खरे. पण तो लावणारा माणूस हवा आणि सापडलेली दुरुस्ती आपल्या यंत्रापर्यंत पोचवणाराही हवा. घरात हा दुसरा माणूस आपणच असतो.

सामान

फायरवॉलसाठी इंटेल एन-१०० प्रोसेसर आणि इंटेलचे चार नेटवर्क पोर्ट असलेला, पंखा नसलेला मिनी पीसी सर्वांत सोयीचा. मेमरी ८ जीबी असावी आणि १२८ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. असे यंत्र ऑनलाइन मागवता येते. मेमरी आणि एसएसडी आर.एन.टी. मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये समोर तपासून घेता येते. माळ्यावर पडलेला जुना डेस्कटॉप दोन पोर्टांचे वापरलेले इंटेल कार्ड घालूनही चालतो, परंतु विजेचा हिशोब आधी करावा. ५० वॉट खाणारा डेस्कटॉप अहोरात्र चालू राहिल्यास महिन्याला ३६ युनिट होतात, तर १२ वॉटचा मिनी पीसी नऊ युनिटांच्या आत राहतो. फुकटचा डेस्कटॉप मग तितका फुकट राहत नाही. यूएसबीला लावायचे नेटवर्क अडॅप्टर या कामासाठी घेऊ नयेत; फ्रीबीएसडीवर ते ऐन वेळी दगा देतात.

याशिवाय ८ पोर्टांचा, व्हीलॅन (एकाच केबलवर अनेक वेगळी नेटवर्के चालवण्याची पद्धत) हाताळणारा ‘स्मार्ट’ किंवा ‘मॅनेज्ड’ स्विच आणि कॅट-६ केबल लागेल. रामबागेतल्या जुन्या वाड्यांच्या दीड हात जाडीच्या भिंतींतून वाय-फाय पलीकडे जात नाही, आणि तेथे वाय-फायचे रिपीटर लावण्याऐवजी प्रत्येक मजल्यावर केबल नेऊन एकेक ॲक्सेस पॉइंट बसवणे हाच खरा इलाज आहे.

पंखा नसलेले यंत्र बंद कपाटात किंवा टीव्हीच्या मागे कोंबू नये. मे महिन्यात इंदूरचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा भिंतीवर उघड्या फळीवर ठेवलेले यंत्रच टिकते.

फायबरवाल्याशी आधी बोलून घ्यावे

यंत्र विकत घेण्याआधीच इंटरनेट कंपनीला तीन प्रश्न विचारावेत. भिंतीवरचा डबा ‘ब्रिज मोड’मध्ये टाकून मिळेल का, म्हणजे त्याने केवळ प्रकाशाचे संकेत केबलमध्ये आणून सोडावेत आणि बाकी काही करू नये? कनेक्शन पीपीपीओईचे, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन जोडले जाणारे, असल्यास त्याचे युजरनेम, पासवर्ड आणि व्हीलॅन क्रमांक कोणता? आणि त्याच डब्याला घरचा लँडलाइन फोन जोडलेला असल्यास ब्रिज मोडनंतर तो चालेल का? तिसरा प्रश्न विचारायचा राहिला, तर नव्या फायरवॉलबद्दलचे पहिले मत आजी-आजोबांकडून ऐकावे लागते आणि ते अनुकूल नसते.

ब्रिज मोड मिळाला नाही तरी काम अडत नाही. त्या डब्याचे वाय-फाय बंद करावे, डब्याच्या एका पोर्टातून केबल काढून ती ओपीएनसेन्सच्या वॅन (इंटरनेटकडच्या) पोर्टात लावावी आणि वॅन ‘डीएचसीपी’वर, म्हणजे पत्ता आपोआप घेण्यावर, ठेवावे. यात दुहेरी नॅट होते, म्हणजे पत्त्यांची अदलाबदल दोनदा होते, पण रोजच्या वापरात ते जाणवत नाही. मात्र एक खाचखळगा येथे हमखास असतो. कंपनीच्या डब्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ असतो आणि ओपीएनसेन्सही स्थापनेनंतर स्वतःसाठी हाच पत्ता घेते. दोन्ही बाजूंना एकच पत्ता-पट्टा असल्यामुळे इंटरनेट सुरूच होत नाही, आणि नवखा माणूस केबल बदलत बसतो. त्यामुळे घरासाठी पहिल्यापासूनच वेगळा पट्टा निवडावा. या लेखात १०.७७ ने सुरू होणारे पत्ते वापरले आहेत. पुढे व्हीपीएनने (इंटरनेटवरून घरापर्यंतच्या कूटबद्ध बोगद्याने) बाहेरून घरी जोडताना समोरच्याच्या घरचा पट्टा १९२.१६८.१ असण्याची शक्यता दाट असते, तेव्हाही हा वेगळा पट्टा उपयोगी पडतो.

स्थापना

ओपीएनसेन्सच्या अधिकृत संकेतस्थळावरून ६४-बिट ‘व्हीजीए’ प्रतिमा उतरवावी. तिच्याबरोबर एसएचए-२५६ चा पडताळा-अंक दिलेला असतो; उतरवलेल्या संकुचित फाइलीचा अंक सेव्हन-झिपसारख्या साधनाने काढून तो अक्षर न अक्षर जुळतो का हे पाहावे. फाइल उलगडून रूफस किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर लिहावी, यंत्राला मॉनिटर आणि कीबोर्ड लावून पेनड्राइव्हवरून सुरू करावे आणि लॉगिनच्या जागी ‘इन्स्टॉलर’, पासवर्डच्या जागी ‘ओपीएनसेन्स’ हे शब्द इंग्रजी लहान अक्षरांत टंकावेत. फाइलप्रणाली विचारली जाईल तेव्हा झेडएफएस निवडावी. अचानक वीज गेल्यावर ती जास्त सोशीक ठरते, आणि तिच्यामुळे पुढे अद्ययावतीकरणापूर्वी संपूर्ण प्रणालीची ‘स्नॅपशॉट’ प्रत घेता येते. रूटचा, म्हणजे मुख्य खात्याचा, पासवर्ड येथेच बदलावा. नंतर बदलू असे म्हटले की तो राहतोच.

यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर रूट म्हणून लॉगिन केले की मॉनिटरवर अंकांचा एक मेनू दिसतो. त्यातील १ ने कोणता पोर्ट वॅन आणि कोणता लॅन (घराकडचा) हे ठरवावे, आणि २ ने लॅनचा पत्ता १०.७७.१.१ करून २४ बिटांचा मास्क (म्हणजे पत्त्याचे पहिले तीन अंक विभागाचे) द्यावा. याच मेनूत ३ ने रूटचा पासवर्ड बदलता येतो आणि १३ ने जुनी मांडणी परत आणता येते, हे लक्षात असू द्यावे. आपल्याच नियमाने आपल्याला बाहेर कोंडून घेतले, तर परत आत येण्याची वाट तीच आहे. यानंतर लॅपटॉप लॅन पोर्टाला लावून ब्राउझरमध्ये तो पत्ता उघडला की प्राथमिक मांडणीचे पान समोर येते. कनेक्शन पीपीपीओईचे असल्यास युजरनेम आणि पासवर्ड तेथे भरावा. कंपनीने व्हीलॅन क्रमांक दिला असल्यास आधी वॅन पोर्टावर तो व्हीलॅन तयार करून पीपीपीओई त्यावर बसवावे लागते.

यंत्राच्या बायोसमध्ये (प्रणाली सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) जाऊन वीज परतल्यावर आपोआप सुरू होण्याचा पर्याय याच वेळी चालू करावा.

घराचे चार विभाग

विभाग किती करावेत याचा मोह आवरावा लागतो. मला चार पुरेसे वाटतात: घरच्या माणसांचे फोन, लॅपटॉप आणि प्रिंटर एका विभागात, टीव्ही, स्पीकर, स्मार्ट बल्ब अशा वस्तू दुसऱ्यात, भाडेकरू आणि पाहुणे तिसऱ्यात, कॅमेरे आणि डीव्हीआर चौथ्यात. ऑफिसचा लॅपटॉप घराच्याच विभागात ठेवता येतो. कंपनीचे स्वतःचे कडक नियम असल्यास त्याला पाचवा विभाग द्यावा, अन्यथा नाही.

‘इंटरफेसेस’ या विभागात जाऊन लॅनच्या पोर्टावर या चार विभागांसाठी अनुक्रमे १०, २०, ३० आणि ४० या क्रमांकांचे व्हीलॅन तयार करावेत, ‘असाइनमेंट्स’मध्ये प्रत्येकाला इंटरफेस (फायरवॉलमधले त्या विभागाचे दार) म्हणून जोडून घ्यावे आणि १०.७७.१०.१, १०.७७.२०.१ असे पत्ते द्यावेत. पत्त्यातील तिसरा अंक आणि व्हीलॅनचा क्रमांक एकच ठेवला की वर्षभरानंतर नोंदी वाचताना डोके खाजवावे लागत नाही. मग ‘सर्व्हिसेस’मध्ये प्रत्येक विभागासाठी डीएचसीपी सुरू करावे. आवृत्त्यांगणिक हे काम करणाऱ्या घटकाचे नाव बदलत गेले आहे, परंतु भरायच्या गोष्टी त्याच आहेत: पत्त्यांचा पट्टा, आणि गेटवे (बाहेर जाण्याची वाट) व डीएनएस म्हणून त्या विभागातला फायरवॉलचा पत्ता. मूळ लॅन तसेच ठेवून ते फक्त देखरेखीसाठी वापरावे, कारण ओपीएनसेन्सचा आपल्याला बाहेर कोंडू न देणारा अंगभूत नियम त्याच इंटरफेसवर असतो.

स्विचवर फायरवॉलकडून येणाऱ्या पोर्टावर चारही क्रमांक ‘टॅग्ड’ (पाकिटावर व्हीलॅनचा क्रमांक लिहून) ठेवावेत, ॲक्सेस पॉइंटकडे जाणाऱ्या पोर्टावर १०, २० आणि ३० ‘टॅग्ड’, आणि डीव्हीआरच्या पोर्टावर केवळ ४० ‘अनटॅग्ड’ (क्रमांक न लिहिता) ठेवून त्या पोर्टाचा पीव्हीआयडी, म्हणजे क्रमांक नसलेल्या पाकिटाला द्यायचा व्हीलॅन, ४० करावा. पीव्हीआयडी राहून गेल्यास यंत्राला पत्ता भलत्याच विभागातला मिळतो किंवा मुळीच मिळत नाही. व्हीलॅनचे हे प्रकरण ज्यांना नको आहे, त्यांनी चार पोर्टांच्या यंत्राचा सरळ फायदा घ्यावा: एक पोर्ट वॅन, एक घर, एक भाडेकरूंचा वेगळा ॲक्सेस पॉइंट आणि एक डीव्हीआर. स्मार्ट टीव्हीचे काय, हा प्रश्न मग उरतो. पण कॅमेरे आणि भाडेकरू वेगळे झाले की बराचसा धोका गेलेला असतो.

नियम: सगळे यावर अवलंबून आहे

ओपीएनसेन्समध्ये नियम ज्या इंटरफेसवर लिहिला जातो, त्या विभागातून फायरवॉलमध्ये शिरणाऱ्या वाहतुकीला तो लागतो. भाडेकरूंनी घरात येऊ नये असे वाटत असेल, तर नियम घराच्या इंटरफेसवर लिहायचा नाही. तो भाडेकरूंच्या इंटरफेसवर लिहायचा. ही एक गोष्ट मनात पक्की बसली की अर्धे काम झाले. दुसरी गोष्ट अशी की नियम वरून खाली वाचले जातात आणि जो पहिला जुळेल तो लागू होतो, खालच्यांकडे मग पाहिले जात नाही. तिसरी अशी की नव्या इंटरफेसवर एकही नियम नसतो आणि नियम नसणे म्हणजे सर्व बंद. त्यामुळे व्हीलॅन तयार झाल्यावर पत्ता मिळतो पण इंटरनेट चालत नाही, तेव्हा काही बिघडलेले नसते.

आधी ‘एलियासेस’मध्ये एक नावाची यादी करून तिच्यात १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६ हे खासगी पत्त्यांचे तीनही पट्टे भरावेत. मग भाडेकरूंच्या इंटरफेसवर या क्रमाने नियम लिहावेत. पहिला, त्या विभागातल्या फायरवॉलच्या पत्त्यावर पोर्ट ५३ ला (येथे पोर्ट म्हणजे केबलचे भोक नव्हे, सेवेचा क्रमांक), टीसीपी आणि यूडीपी या पाकिटे पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींना परवानगी, म्हणजे डीएनएस चालेल. दुसरा, ‘धिस फायरवॉल’ या गंतव्यावर जाणारे बाकी सर्व बंद, म्हणजे वरच्या मजल्यावरून कोणी फायरवॉलचे लॉगिन पान उघडू शकणार नाही. तिसरा, खासगी पत्त्यांच्या यादीकडे जाणारे सर्व बंद. चौथा, उरलेल्या सर्वाला परवानगी. तिसरा आणि चौथा नियम उलट क्रमाने लागले, तर सर्व काही व्यवस्थित चालत असल्यासारखे दिसते आणि विभागणी मात्र झालेलीच नसते.

आयपीव्ही६, म्हणजे इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत, चालू असल्यास एवढ्याने भागत नाही, कारण वरच्या यादीत केवळ आयपीव्ही४ चे पट्टे आहेत आणि आयपीव्ही६ मध्ये घरातल्या प्रत्येक यंत्राला सार्वजनिक पत्ता मिळतो. त्यासाठी घराचे, वस्तूंचे आणि कॅमेऱ्यांचे ‘नेट’ हे गंतव्य घेऊन बंदीचे नियम परवानगीच्या वर जोडावेत आणि ते दोन्ही आवृत्त्यांना लावावेत. कंपनीकडून मिळणारा उपसर्ग (पत्त्यांचा सुरुवातीचा भाग) बदलला तरी ‘नेट’ हे गंतव्य आपोआप त्याच्याबरोबर बदलते. कंपनी ६४ बिटांचा एकच उपसर्ग देत असेल, तर आयपीव्ही६ एकाच विभागाला देता येते. तो विभाग घराचा असू द्यावा.

वस्तूंच्या विभागाला हेच नियम चालतात. घराच्या विभागाला सर्वत्र जाण्याची परवानगी द्यावी. येथे एक शंका हमखास विचारली जाते: कॅमेऱ्यांना घरात येण्याची बंदी असेल, तर घरातल्या फोनवर कॅमेरा कसा दिसेल? ओपीएनसेन्स प्रत्येक संभाषणाची नोंद ठेवते, आणि ज्याने सुरुवात केली त्याला परवानगी असली की त्याचे उत्तर आपोआप परत येऊ देते. घराने कॅमेऱ्याला हाक मारली तर उत्तर येते. कॅमेऱ्याने स्वतःहून घराला हाक मारली तर ती दारातच थांबते.

कॅमेऱ्यांच्या विभागाला इंटरनेटची गरजच नाही. त्याच्या इंटरफेसवर फायरवॉलच्या पत्त्याकडे यूडीपी पोर्ट १२३, म्हणजे वेळ विचारण्याची परवानगी, एवढा एकच नियम ठेवावा आणि डीव्हीआरच्या सेटिंगमध्ये वेळेचा सर्व्हर म्हणून फायरवॉलचा पत्ता भरावा. अन्यथा घड्याळ मागे-पुढे होते आणि चित्रीकरणावरची वेळ पुराव्याच्या कामाची राहत नाही. यामुळे कॅमेरा कंपनीचे क्लाउड ॲप बंद पडेल. तो तोटा नाही. बाहेरून पाहण्याची सोय पुढे व्हीपीएनने होते. डीव्हीआर बसवणाऱ्या कारागिराने जुन्या राउटरवर बाहेरून आत येणारा पोर्ट उघडून ठेवला असल्यास तो ओपीएनसेन्सवर पुन्हा उघडू नये, त्याने कितीही सांगितले तरी.

नियम लिहून झाल्यावर तपासणी करावी, आणि ती ज्याला बंदी केली त्या विभागात जाऊन करावी. फोन भाडेकरूंच्या वाय-फायला जोडून १०.७७.१०.१ आणि प्रिंटरचा पत्ता उघडून पाहावा. दोन्ही उघडता कामा नयेत. त्याच वेळी फायरवॉलच्या ‘लाइव्ह व्ह्यू’मध्ये त्या प्रयत्नांची बंदीची नोंद दिसली पाहिजे, ती दिसण्यासाठी बंदीच्या नियमांवर नोंद ठेवण्याची खूण केलेली हवी. बंदीचा नियम लिहूनही जुने संभाषण चालूच दिसले तर गोंधळू नये, कारण आधी सुरू झालेल्या संभाषणांना नवा नियम लागत नाही. ‘डायग्नोस्टिक्स’मधून ‘स्टेट्स’, म्हणजे चालू संभाषणांच्या नोंदी, पुसून टाकाव्यात.

फोनवरून टीव्हीवर चित्र पाठवणे विभागणीनंतर बंद पडते, आणि घरातली पहिली तक्रार हीच असते. टीव्ही आपली ओळख एमडीएनएस या पद्धतीने केवळ आपल्या विभागात पुकारतो. त्यासाठी ‘एमडीएनएस रिपीटर’ हा प्लगइन घालून तो फक्त घर आणि वस्तू या दोन विभागांसाठी सुरू करावा.

वाय-फाय

ॲक्सेस पॉइंटसाठी राउटर निवडताना ओपनडब्ल्यूआरटीच्या संकेतस्थळावरील यंत्रांच्या तक्त्यात त्याचे नाव आणि तळाच्या चिकटपट्टीवरचा आवृत्ती क्रमांक दोन्ही जुळवावेत. एकाच नावाच्या व्ही-२ आणि व्ही-३ मध्ये आतला चिप वेगळा असू शकतो, आणि चुकीची प्रतिमा घातली तर राउटर कायमचा निकामी होण्याची वेळ येते. १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी मेमरीपेक्षा कमी असलेले यंत्र घेऊ नये. कारखान्याच्या सॉफ्टवेअरवरून प्रथम येताना ‘फॅक्टरी’ प्रतिमा आणि नंतरच्या अद्ययावतीकरणासाठी ‘सिसअपग्रेड’ प्रतिमा वापरतात. नव्याने घातलेल्या ओपनडब्ल्यूआरटीला पासवर्ड नसतो आणि त्याचे वाय-फाय सहसा बंद असते, म्हणून पहिले काम केबल लावून पासवर्ड ठेवण्याचे. त्यानंतर त्याचे डीएचसीपी बंद करावे, घर, वस्तू आणि भाडेकरू अशी तीन वाय-फाय नावे तयार करून प्रत्येक नाव आपापल्या व्हीलॅनला जोडावे, घरासाठी वाय-फाय कूटबद्ध करण्याची डब्ल्यूपीए-३ आणि डब्ल्यूपीए-२ मिश्र पद्धत ठेवावी, आणि वस्तूंसाठी डब्ल्यूपीए-२ ठेवावे, कारण स्वस्त बल्बांना त्यापुढचे समजत नाही. भाडेकरूंच्या नावावर ‘आयसोलेट क्लायंट्स’ सुरू केल्यास एका मुलाचा फोन दुसऱ्याच्या लॅपटॉपपर्यंत पोचत नाही. एक मुलगा खोली सोडून गेला की तेवढ्याच वाय-फायचा पासवर्ड बदलायचा; घरातल्या कोणाला त्याची झळ लागत नाही.

डीएनएस

ओपीएनसेन्समध्ये अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर आधीच असतो. त्याच्या ‘डीएनएस ओव्हर टीएलएस’ पानावर ९.९.९.९ हा पत्ता, ८५३ हा पोर्ट आणि क्वाड-नाइन या सेवेचे डीएनएस नाव भरले की घरातून जाणारे डीएनएस प्रश्न कूटबद्ध होऊन जातात. ‘ब्लॉकलिस्ट’मध्ये जाहिराती आणि फसव्या संकेतस्थळांच्या तयार याद्या असतात. पहिल्या दिवशी त्यांपैकी एकच मध्यम यादी घ्यावी. चार याद्या एकदम लावल्यास एखाद्या बँकेचे ॲप किंवा यूपीआय पैसे देताना अडकते, आणि ते यादीमुळे अडकले हे कोणाच्याच लक्षात येत नाही.

अनबाउंडमध्ये कोणत्या यंत्राने कोणते संकेतस्थळ विचारले याची आकडेवारी ठेवण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम सुरू करावी लागते. भाडेकरूंच्या बाबतीत ती बंदच असावी असे मला वाटते. कनेक्शन आपल्या नावावर आहे म्हणून त्यांना वेगळे ठेवण्याचा आपल्याला हक्क आहे; ते काय वाचतात हे पाहण्याचा नाही.

घुसखोरी ओळखणारे सुरिकाटाही ओपीएनसेन्समध्ये येते. आजची बहुतेक वाहतूक कूटबद्ध असल्याने आणि बाहेरून आत येणारे सर्व पोर्ट आधीच बंद असल्याने घरात त्याला पाहण्यासारखे फारसे उरत नाही. ते शिकण्यासाठी जरूर लावावे, संरक्षणासाठी म्हणून नव्हे.

बाहेरून घरी

कॅमेरा बाहेरून पाहण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन वापरावे. २०२० साली ते लिनक्सच्या ५.६ आवृत्तीत गाभ्यात आले आणि आता ओपीएनसेन्सचाही भाग आहे. योग्य किल्लीशिवाय आलेल्या पाकिटाला ते उत्तरच देत नाही, त्यामुळे इंटरनेट चाळत बसणाऱ्यांना येथे काही आहे हे कळतही नाही. ‘इन्स्टन्सेस’मध्ये ५१८२० पोर्टाचे एक टोक तयार करावे, ‘पीअर जनरेटर’मधून प्रत्येक फोनसाठी स्वतंत्र किल्ली काढून तिचा क्यूआर कोड फोनवरच्या ॲपने वाचावा, वॅनवर यूडीपी ५१८२० ला परवानगी द्यावी आणि वायरगार्डच्या इंटरफेसवरही नियम लिहावा. हा शेवटचा नियम राहिला तर जोडणी झालेली दिसते पण घरातले काहीच उघडत नाही. फोन हरवला तर त्याचीच किल्ली काढून टाकायची, बाकीचे तसेच चालू राहतात. घरचा सार्वजनिक पत्ता बदलता असल्यास तो एका कायम नावाला जोडून ठेवणारा डायनॅमिक डीएनएसचा प्लगइन जोडावा.

आता अडचण. वॅनला मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल, तर कंपनीने अनेक घरे एका सार्वजनिक पत्त्यामागे ठेवली आहेत आणि आयपीव्ही४ ने बाहेरून आत येणे शक्य नाही. अशा वेळी पैसे भरून स्थिर पत्ता घेण्याआधी आयपीव्ही६ करून पाहावे. आपल्याकडे मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ पुष्कळ पसरले आहे, त्यामुळे घरच्या फायरवॉलला आयपीव्ही६ मिळत असल्यास फोनवरून त्या पत्त्यावर वायरगार्ड सहसा थेट लागते. हॉटेलच्या किंवा परगावच्या एखाद्या घरच्या वाय-फायवरून ते लागेलच असे नाही, पण तेथे फोनचा डेटा सुरू करता येतो.

सांभाळ

‘सिस्टम’मधील ‘फर्मवेअर’ पानावर आठवड्यातून एकदा पाहावे आणि आलेली लहान दुरुस्ती त्याच आठवड्यात घालावी. जानेवारी आणि जुलैतील मोठी आवृत्ती मात्र आठ-पंधरा दिवस थांबून, सूनबाईंची मीटिंग नसेल आणि मुलांची ऑनलाइन चाचणी नसेल अशा वेळी घालावी, आणि त्याआधी ‘स्नॅपशॉट’ घ्यावा; काही बिघडले तर यंत्र जुन्या स्नॅपशॉटवरून सुरू करता येते. ॲक्सेस पॉइंटचे ओपनडब्ल्यूआरटी विसरू नये. फायरवॉल ताजे आणि वाय-फाय तीन वर्षे जुने, असे चित्र सर्रास दिसते.

प्रत्येक बदलानंतर ‘बॅकअप्स’ पानावरून मांडणीची एकच फाइल उतरवून, पासवर्डने कूटबद्ध करून, फायरवॉलच्या बाहेर पेनड्राइव्हवर ठेवावी. यंत्र जळाले तर दुसऱ्या यंत्रावर ओपीएनसेन्स घालून ती फाइल परत भरली की पोर्टांची नावे जुळवण्यापलीकडे फारसे काम राहत नाही.

लाइट गेल्यावर साधा इन्व्हर्टर बॅटरीवर वळायला जो क्षण घेतो, तेवढ्यात मिनी पीसी बंद पडून पुन्हा सुरू होतो. म्हणून इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवावा. राउटरसाठी विकल्या जाणाऱ्या १२ व्होल्टच्या छोट्या बॅटऱ्या महाराणी रोडवर मिळतात, पण यंत्राच्या अडॅप्टरवर लिहिलेले अँपिअर आणि बॅटरीवरचे अँपिअर जुळवूनच त्या घ्याव्यात. फायबरचा डबा आणि स्विचही त्याच बॅकअपवर हवेत, नाही तर फायरवॉल जागे राहूनही इंटरनेट नसते.

आणि घरात हे सर्व समजणारा माणूस एकच असेल, तर तो पुण्याला लग्नाला गेलेला असताना काय करायचे हे एका कागदावर मराठीत लिहून डब्याशेजारी चिकटवावे. ब्रिज मोड न घेतलेल्या घरात कंपनीच्या डब्याचे वाय-फाय कसे सुरू करायचे एवढ्या दोन ओळी पुरतात. ब्रिज मोड घेतलेल्या घरात जुना राउटर पीपीपीओईचे युजरनेम आणि पासवर्ड भरून कपाटात तयार ठेवावा, त्यावर ‘फायबरच्या डब्याची केबल निळ्या पोर्टात’ असे लिहावे, आणि महिनाभरात एकदा वहिनींकडून किंवा बाबांकडून तो लावून घेऊन पाहावा.